कोणी ओरडत नाही, तरी फोन वाजला की धडकी भरते

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

चाळिशीला टेकलेल्या या वाचक भगिनी एका मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागात नऊ वर्षं काम करतात. दीड वर्षापूर्वी दोन विभाग एकत्र झाले, माणसं कमी झाली, काम मात्र तेवढंच राहिलं आणि नवे प्रमुख आले. वर्षअखेरीचे हिशेब जुळवण्याचं यांचं काम काढून घेतलं गेलं आणि इतरांनी भरलेले तक्ते तपासायला दिले. बैठकांची निमंत्रणं येईनाशी झाली. दर शुक्रवारी सगळ्यांना दिसेल असा एक तक्ता निघतो, त्यात 'मागे पडलेल्यांची' नावं लाल रंगात असतात. रात्री अकराला प्रमुखांचा संदेश येतो, कधी नुसतं प्रश्नचिन्ह. जेवणाच्या सुट्टीत सहकारी आता दुसऱ्या टेबलावर बसतात. पहाटे तीनला जाग येते, आकडेमोडीत चुका होऊ लागल्या आहेत, मुलावर विनाकारण आवाज चढतो. नवरा म्हणतो, 'मनाला लावून घेऊ नकोस.' कंपनीने ताण कमी करण्यासाठी एक ॲप दिलंय, तेही वापरून झालं. त्या विचारतात: 'कोणी शिवी दिली नाही, ओरडलं नाही, मग याला छळ म्हणता येईल का? मी कणखर कशी होऊ? आणि राजीनामा दिला तर ती हार ठरेल का?'

उत्तर:

तुमच्या तीन प्रश्नांकडे वळण्याआधी मला पत्रातल्या एका वाक्याजवळ थांबायचंय. ओघात तुम्ही लिहून गेलात, 'कधी कधी झोपताना वाटतं, उद्या उठलेच नाही तर बरं.' पुढच्याच ओळीत तुम्ही ऑफिसच्या तक्त्यावर गेलात. मी जाणार नाही. हा विचार अधूनमधून येत असेल तरी या आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि तो याच शब्दांत त्यांना सांगा. 'झोप लागत नाही' एवढ्यावर थांबू नका. आणि जीव देण्याचा विचार मनात स्पष्ट आकार घेऊ लागला, कसं आणि कधी हे सुचायला लागलं, तर त्या क्षणी एकट्या राहू नका. नवऱ्याला उठवा, तातडीच्या वैद्यकीय सेवेला किंवा मदतवाहिनीला फोन करा. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता तुमचा पहिला प्रश्न. छळ म्हणजे आरडाओरड, शिवीगाळ, टेबलावर आपटलेली फाइल, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. म्हणून जिथे सगळे मृदू आवाजात बोलतात तिथे माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. हाइन्झ लेमान हे जर्मनीत जन्मलेले आणि स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ. कामाच्या जागी माणसाला वाळीत टाकण्याचा अभ्यास त्यांनी 1980 च्या दशकात सुरू केला. पीडितांशी बोलून त्यांनी अशा वागणुकीचे 45 प्रकार नोंदवले. बोलायची संधी न देणं, सहकाऱ्यांपासून तोडणं, कुवतीपेक्षा हलकं किंवा निरर्थक काम देणं, सतत चूक काढणं, हे सगळं त्या यादीत आहे. आवाज न चढवता करता येतील असे त्यातले प्रकार भरपूर आहेत. असं काही निदान आठवड्यातून एकदा आणि निदान सहा महिने चालू राहिलं तर त्याला तसं म्हणावं, अशी त्यांची मोजपट्टी होती. तुमचा शुक्रवारचा तक्ता दर आठवड्याला निघतो आणि तुम्ही दीड वर्षाची हकीकत सांगताय.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ याविषयी करार क्रमांक 190 मंजूर केला, तो 2021 पासून लागू आहे. ज्या देशांनी तो स्वीकारला त्यांच्यावरच तो बंधनकारक आहे, पण त्यातली व्याख्या कुणालाही उपयोगी पडेल. शारीरिक, मानसिक, लैंगिक किंवा आर्थिक इजा करण्याच्या उद्देशाने केलेलं, किंवा ज्याचा परिणाम तसा होतो वा होऊ शकतो असं अस्वीकार्य वर्तन आणि अशा प्रथाही तिच्यात येतात. एकदा घडलेलं असो वा वारंवार. म्हणजे 'त्यांच्या मनात वाईट नसेल' हे वाक्य, जे तुम्ही पत्रात चार वेळा लिहिलंय, ते या प्रश्नाचा निकाल लावत नाही.

तरीही घाईने शिक्का मारू नका असं मी सांगेन. मी फक्त तुमची बाजू ऐकली आहे. कडक वरिष्ठ आणि छळणारा वरिष्ठ यांत फरक असतो. कडक माणूस चुकीवर बोट ठेवतो, ती कशी सुधारायची ते सांगतो आणि सुधारली की विषय संपवतो. छळात चूक निमित्तापुरती असते. काल जे बरोबर होतं ते आज चूक ठरतं, आणि नेमकं काय हवंय हे विचारलं की उत्तर मिळत नाही. तुम्ही लिहिलंय की तक्त्यात लाल रंग कशामुळे लागतो हे तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा 'तुम्हाला कळायला हवं' असं ऐकलंत. मला यात खोट दिसते ती इथे.

दुसऱ्या प्रश्नाशी मात्र माझं थोडं भांडण आहे. 'मी कणखर कशी होऊ' असं विचारताना तुम्ही दुखण्याचं मूळ स्वतःत आहे हे आधीच मान्य करून टाकलंत. नवऱ्याचं 'मनाला लावून घेऊ नकोस' आणि कंपनीचं ॲप, दोन्ही तेच सांगतात. नऊ वर्षांतली साडेसात वर्षं तुम्ही वर्षअखेरीचा गोंधळ निभावलात, तोही रात्री उशिरापर्यंत थांबून. तेव्हा झोप उडाली नव्हती. माणूस तोच आहे. बदललं काय?

काम कसं रचलंय यावर मन कसं राहतं, याचा अभ्यास बराच झालाय. रॉबर्ट कारासेक या संशोधकांनी 1979 मध्ये मांडलं की नुसतं जास्त काम माणसाला तितकं खचवत नाही. कामाची मागणी मोठी आणि ते कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं यावर आपला ताबा काहीच नाही, ही जोडी सर्वात घातक. पुढे त्यात तिसरी गोष्ट जोडली गेली, ती म्हणजे वरिष्ठांची आणि सहकाऱ्यांची साथ. योहानेस झिग्रिस्ट या संशोधकांनी 1996 मध्ये दुसऱ्या बाजूने पाहिलं: आपण जेवढं ओततो त्याच्या बदल्यात पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती मिळते की नाही? लंडनमध्ये 1985 पासून दहा हजारांहून जास्त सरकारी कर्मचाऱ्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्यात कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. आता या मोजपट्ट्या तुमच्या दीड वर्षाला लावून पाहा. माणसं घटली म्हणून मागणी वाढली. ओळखीचं काम गेलं म्हणून ताबा गेला. टेबल बदललं म्हणून साथ गेली. लाल रंगाने मान गेला. या चारही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्यावर त्याला पहाटे तीनला जाग येणारच. ते शरीराचं उत्तर आहे, त्यात स्वभावाचा दोष मला दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात कामातून येणाऱ्या अशा थकव्याची नोंद घेतली आहे, आणि ती रोग म्हणून न घेता कामाशी निगडित घटना म्हणून घेतली आहे. त्याची तीन लक्षणं दिली आहेत: पार निथळून गेल्यासारखा थकवा, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. तिसरं लक्षण तुमच्या आकडेमोडीच्या चुकांत दिसतंय. भेदरलेलं मन सतत धोका शोधत राहतं, मग बेरजेकडे लक्ष उरत नाही. चूक झाली की नाव लाल होतं, लाल झालं की धडकी वाढते, आणि पुढची चूक होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, 'बघा, प्रमुख म्हणत होते ते खरंच होतं.' हे चक्र फार क्रूर आहे आणि त्यात अडकलेला माणूस स्वतःही त्यावर विश्वास ठेवू लागतो.

ॲप बंद करा असं मी म्हणत नाही. श्वासाच्या व्यायामाने रात्री तास-दीड तास जास्त झोप लागत असेल तर तो जरूर करा. पण छत गळत असताना कर्मचाऱ्याच्या हातात फडकं द्यायचं आणि फरशी ओली राहिली म्हणून त्यालाच बोल लावायचा, हे मला मान्य नाही. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कामाच्या रचनेतले बदल आणि वरिष्ठांचं प्रशिक्षण या दोन्ही शिफारशी आहेत.

इथून तुमच्या आणखी एका गृहीतकाकडे येते. 'हे साहेब बदलून गेले की सगळं सुरळीत होईल.' असेलही. पण शुक्रवारचा तक्ता कोणाच्या मान्यतेने निघतो? कमी माणसांत पूर्ण काम कुणी ठरवलं? फ्रान्समधल्या फ्रान्स टेलिकॉम या दूरसंचार कंपनीचा खटला इथे आठवतो. 2006 नंतरच्या काही वर्षांत 22,000 कर्मचारी कमी करायचं तिथल्या वरिष्ठांनी ठरवलं. अनेकांना सहज काढता येत नव्हतं, म्हणून बदल्या, बिनकामाच्या जागा आणि सततचा दबाव यांचं सत्र चाललं. न्यायालयासमोर 39 जणांची प्रकरणं आली, त्यातल्या 19 जणांनी जीव दिला होता. डिसेंबर 2019 मध्ये कंपनी आणि तिचे माजी प्रमुख दिदिए लोंबार यांच्यासह काही अधिकारी दोषी ठरले, आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व कायम केलं की धोरणातूनही छळ होऊ शकतो, मग ते ठरवणाऱ्याची आणि पीडिताची कधी भेट झालेली नसली तरी. तुमची कंपनी तशी आहे असं मी सुचवत नाही. पण तुमचे प्रमुखही वरून येणारा दाब खाली ढकलत असतील. त्याने त्यांचं वागणं माफ होत नाही, तुमची तक्रार कशाबद्दल असायला हवी ते मात्र ठरतं. 'ते माझा द्वेष करतात' हे सिद्ध करणं जवळपास अशक्य. 'नावं लाल रंगात सगळ्यांना पाठवली जातात, निकष लेखी नाहीत, माझं काम लेखी कारण न देता काढलं' हे कुणालाही तपासता येतं.

म्हणून आता करायचं काय, ते सांगते.

डॉक्टरांकडे जाताना कामाचं सगळं सांगा, केव्हा सुरू झालं तेही, म्हणजे ते तुमच्या वैद्यकीय नोंदीत येईल. रजा सुचवली तर 'लोक काय म्हणतील' म्हणून नाकारू नका. दीड वर्षाच्या जागरणानंतर डोकं थाऱ्यावर नसताना मोठे निर्णय चुकतात. समुपदेशक मिळाला तर उत्तम.

सोबत एक वही ठेवा, ऑफिसच्या संगणकावर नको, घरी. त्यात रोज मन मोकळं करू नका, त्यासाठी दुसरी वही घ्या. या वहीत फक्त घडलेलं. 'आज पुन्हा अपमान केला' ही नोंद सहा महिन्यांनी तुमच्याही कामाची राहत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'मंगळवार, दुपारी 4.40. प्रमुखांचा संदेश: तिन्ही विभागांचे तक्ते उद्या सकाळी हवेत. हातातलं काम थांबवू का, हे 4.45 ला विचारलं. उत्तर नाही. रात्री 11.10 ला प्रश्नचिन्ह आलं. शुक्रवारी नाव लाल. समोर बसणारे दोघे हजर होते.' तारीख, वेळ, शब्द, साक्षीला कोण, आणि तुम्ही काय केलंत. तुम्हाला आलेले संदेश जपून ठेवा, पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं स्वतःच्या मेलवर पाठवू नका. ते उलट तुमच्यावरच शेकू शकतं. बोलणं रेकॉर्ड करण्याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

तोंडी आलेली सूचना शक्य तिथे लेखी करून घ्या, आणि तीही सरळ, नम्र भाषेत. 'आपल्या आजच्या सूचनेनुसार तिन्ही तक्ते उद्या अकरापर्यंत देते. त्यामुळे महिनाअखेरीची पडताळणी गुरुवारवर जाईल. क्रम बदलायचा असल्यास कळवावं.' यात तक्रार नाही, टोमणा नाही. पण निवड करण्याची जबाबदारी ज्याची आहे त्याच्याकडे परत जाते, आणि उत्तर आलं नाही तर तेही नोंदलं जातं. अशा चार ओळींनी काही वरिष्ठ खरोखर सुधारतात, कारण आपण काय मागतोय हे त्यांना पहिल्यांदा लिहिलेलं दिसतं.

रात्रीच्या संदेशांचं काय? तुमच्या करारात किंवा नियमात रात्री उपलब्ध राहण्याची अट नसेल तर ऑफिसचे संदेश रात्री मूक ठेवा आणि फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. एकदम जमणार नाही. आधी प्रश्नचिन्हांना रात्री उत्तर देणं थांबवा, सकाळी कामाच्या वेळेत पूर्ण वाक्यात उत्तर द्या.

मग माणसं. दुसऱ्या टेबलावर गेलेले सगळे तुमच्या विरोधात आहेत असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, त्यातले बरेच घाबरलेत. लाल यादीजवळ बसलं तर आपलं नावही लाल होईल, ही भीती. त्यातल्या एकालाच, ज्याच्याशी पूर्वी जिव्हाळा होता, ऑफिसबाहेर गाठा. 'माझ्या बाजूने बोल' अशी गळ घालू नका. 'तुला हे कसं वाटतं' एवढंच विचारा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सहयोगी संस्थांसोबत 121 देशांत पाहणी करून 2022 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्यानुसार पाचात एकाहून जास्त नोकरदारांनी कामावर कधी ना कधी हिंसा किंवा छळ सोसला होता, आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्याच जास्त जणांनी ते कुणाला सांगितलं होतं. तेव्हा तुमच्या मजल्यावर तुम्ही एकट्याच असाल, ही शक्यता कमी. दोघातिघांनी मिळून 'निकष लेखी द्या आणि नावं जाहीर करू नका' अशी मागणी केली तर ती एका बाईचं गाऱ्हाणं राहत नाही.

औपचारिक तक्रार करायची वेळ आली तर आधी कंपनीची लेखी प्रक्रिया वाचा आणि शक्य असेल तर बाहेरचा सल्ला घ्या: कर्मचारी संघटना, कामगार खात्याचा अधिकारी किंवा श्रम कायद्याचे वकील. अनेक देशांत तक्रारीला कालमर्यादा असते, ती पहिल्यांदा विचारा. मनुष्यबळ विभागात चांगली माणसं असतात, पण तो विभाग कंपनीचा आहे, हे विसरून सगळं मन तिथे रितं करू नका. तक्रार दोन पानांच्या आत ठेवा आणि शेवटी काय हवंय ते ठोस मागा: कामाचं लेखी वर्णन, लाल यादी बंद, मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याकडून. न्याय मागितला तर चौकशी वर्षभर रेंगाळते. ठोस बदल मागितला तर निदान हो किंवा नाही कळतं.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या बाबतीत लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर वरची सबुरी त्यांना लागू नाही. 'आणखी थोडं पाहू' म्हणत थांबू नका, लगेच त्यासाठीच्या स्वतंत्र यंत्रणेकडे जा. आणि दुसऱ्या टेबलावर बसलेल्या वाचकांना एक विनंती: बैठकीत भांडायची हिंमत नसेल तर नका भांडू, पण उद्या जेवायला त्या एकटीच्या टेबलावर जा. खचलेल्या माणसाला याने किती फरक पडतो ते मला येणाऱ्या पत्रांतून दिसतं. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांनी लाल रंगाच्या याद्या आजच बंद कराव्यात. अशा याद्यांनी वेग वाढत नाही, चुका लपवणं वाढतं.

घरी नवऱ्याला वहीची चार पानं वाचायला द्या. 'मनाला लावून घेऊ नकोस' म्हणणारा माणूस बहुधा हतबल असतो, त्याला काय करावं कळत नसतं. त्याला काम द्या: डॉक्टरांची वेळ घेणं, रात्री फोन ताब्यात ठेवणं, घरखर्चाचा हिशेब बसवणं. आणि मुलाला त्याच्या वयाला झेपेल तेवढं सांगा, की आईचा राग त्याच्यावरचा नाही. तो ते आजवर स्वतःवर घेत आला असेल.

राहिला राजीनामा. ती हार ठरेल का, या प्रश्नात नोकरीला कुस्ती समजणं आहे, आणि त्या आखाड्यात तुम्ही तब्येत पणाला लावताय. मी वेगळं विचारेन. लेखी मागणी केल्यावर दोन-तीन महिन्यांत काही हललं का? त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात बदली मिळते का? रजेच्या काळात झोप परतली आणि रुजू व्हायच्या विचाराने पुन्हा उडाली का? पहिल्या दोन्हींचं उत्तर नाही आणि तिसऱ्याचं हो असेल, तर बाहेर पडणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. डॉक्टर म्हणाले की तब्येत थांबू देत नाही, तर दोन-तीन महिन्यांचीही वाट पाहू नका. एरवी घाईत पडू नका, रात्री अकराच्या प्रश्नचिन्हाला उत्तर म्हणून तर मुळीच नाही. किती महिन्यांचा खर्च हाताशी आहे ते मांडा, शक्य झाल्यास नोकरी असतानाच दुसरीकडे अर्ज करा, जुन्या प्रमुखांकडून शिफारशीचं पत्र आताच मागून ठेवा. काही देशांत स्वतःहून सोडल्यावर भरपाईचे किंवा बेकारी भत्त्याचे हक्क कमी होतात, म्हणून सही करण्याआधी वकिलांना विचारा. 'वैयक्तिक कारणास्तव' हे दोन शब्द सवयीने लिहू नका, वकिलांना विचारण्याआधी तर नक्कीच नको. आणि मुलाखतीत आधीची नोकरी का सोडली विचारलं तर एवढं पुरे: विभागांच्या विलीनीकरणात माझं मूळ काम राहिलं नाही, मला पुन्हा हिशेब जुळवण्याचं काम करायचंय.